जोखमीचे दिवस, आणि बाळ दगावलं तर: तिच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी

यातलं काही ज्या दिवशी लागतं, त्या दिवशी तिला स्वतःला हे वाचणं होत नाही. म्हणून हे नवऱ्यासाठी, आईसाठी, सासूसाठी, जावेसाठी लिहिलं आहे. रात्री तिच्याजवळ जो बसणार आहे, त्याने वाचावं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. बाळ पोटात गेलेलं असो की जन्मून दगावलेलं असो, ती बाळंतीणच आहे. तिला टाके असतात, अंगावरून जात असतं, दोन-तीन दिवसांनी दूध येतं, बीपी वर जाऊ शकतं. पाळणा रिकामा राहिला की घराचं आणि कधी कधी दवाखान्याचंही तिच्या शरीराकडे लक्ष राहत नाही. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

जोखीम आहे असं कळल्यावर

बीपी, साखर, रक्त कमी, जुळी, वार (नाळेने बाळाला पोसणारा गोळा) खाली असणं, बाळाची वाढ कमी, आधीचं बाळ गेलेलं, निगेटिव्ह रक्तगट, आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. यातलं काहीही असलं तर बाळंतपण कुठे होणार हे सातव्या महिन्याच्या आधी ठरवा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की मुलगी माहेरी जाते आणि त्याबरोबर डॉक्टरही बदलतात. जोखीम असेल तर माहेर कुठे आहे यापेक्षा रक्त, भूल देणारे डॉक्टर आणि नवजात अतिदक्षता विभाग कुठे आहे हे आधी पाहा. माहेर नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याला किंवा पेठला असेल, तर शेवटचे पाच-सहा आठवडे तिने नाशिक शहरातल्या नातेवाइकाकडे राहावं. पेठ रस्त्याच्या सावळघाटात रात्री पावसात गाडी अडकली, तर बीपीच्या बाईसाठी ते दोन तास फार मोठे असतात. सिंहस्थाच्या पर्वण्यांना शहरातले रस्ते वाहनांना बंद होतात. तारीख त्या दिवसांत येत असेल तर आधीच दवाखान्याजवळ मुक्काम हलवा.

एक प्लास्टिकची फाइल करा. सर्वांत वर रक्तगटाचा कागद, मग हिमोग्लोबिन, साखरेची तपासणी, सगळ्या सोनोग्राफी तारखेनुसार आणि चालू गोळ्यांची यादी. प्रत्येक कागदाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये हवा. घाईत फाइल घरी राहिली की नव्या दवाखान्यात रक्तगटापासून सगळं पुन्हा करावं लागतं, आणि त्यात नेमका वेळ जातो.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. खासगीत नाव घातलं असलं तरी एकदा तिथे दाखवून नोंद करून ठेवा. अडचणीच्या वेळी त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलमध्ये किंवा नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात जावं लागलं, तर तुमचं नाव आणि कार्ड आधीच तयार असतं. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. गाडीसाठी १०२, जीवावर बेतलं असेल तर १०८.

बीपी घरी मोजत असाल तर दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. तिला पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवा. हात छातीच्या उंचीवर टेबलावर असावा, आणि मोजताना तिने बोलू नये. पाचव्या महिन्यानंतर १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर निघा, फोनवर सल्ला घेत बसू नका. आकडा बरा असला तरी न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली कळ किंवा चेहरा-हात एकाएकी सुजणं दिसलं तरी निघायचं. ती बरगडीखालची कळ बहुतेक घरांत पित्त म्हणून सोड्यावर काढली जाते. बीपीच्या आजारात ती यकृताची तक्रार असू शकते.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. दोन्हींनी लोह अंगी लागत नाही.

दिवस भरायच्या आधी कळा आल्या किंवा बीपीमुळे बाळ लवकर काढावं लागेल असं म्हणाले, तर एक प्रश्न विचारा: "बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन दिलंत का?" हा स्टेरॉइडचा कोर्स साधारण २४ ते ३४ आठवड्यांत देतात. डेक्सामिथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, दर १२ तासांनी. लांबून पाठवणी होत असेल तर पहिला डोस तालुक्यालाच देऊन पुढे पाठवता येतं.

बाळाची हालचाल

सातवा महिना लागला, म्हणजे २८ आठवडे झाले, की रोज एका ठरावीक वेळी मोजा. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बरी. तिने डाव्या कुशीवर पडावं. शेजारी दोन वाट्या ठेवा आणि एकीत दहा शेंगदाणे. लाथ, ढुशी, वळणं, प्रत्येक हालचालीला एक शेंगदाणा दुसऱ्या वाटीत. उचकीचे एकसारखे ठोके धरू नयेत. दोन तासांत दहा व्हायला हवेत. बहुतेकींचे त्याच्या खूप आधी होतात. मात्र दहाच्या आकड्यापेक्षा तिच्या बाळाची रोजची सवय महत्त्वाची. रोज अर्ध्या तासात वाटी रिकामी होत असेल आणि आज दीड तास लागला, तर तेही कळवण्यासारखं आहे.

"दिवस भरत आले की बाळाला जागा कमी पडते, म्हणून हालत नाही" असं म्हणतात. ते खोटं आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होत नाही. गोड खाऊ घालून, गार पाणी पाजून सकाळपर्यंत वाट पाहणं, ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक आहे. घरी ऐकायचं ठोक्यांचं यंत्रही वापरू नका. आईच्या नाडीचा किंवा वारेचा आवाज बाळाचा समजून लोक निश्चिंत झोपतात. हालचाल कमी वाटली की रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, जा. तिथे पट्टे लावून ठोक्यांचा आलेख काढतात. आलेख चांगला आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हालचाल कमी वाटली, तर पुन्हा जा. पुन्हा आलात म्हणून कुणी कपाळाला आठ्या घातल्या, तर घालू द्या.

ठोका लागत नाही असं सांगितल्यावर

निदान सोनोग्राफीनेच होतं. शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांकडून पुन्हा पाहून घ्या असं म्हणायला संकोच करू नका. कधी कधी त्यानंतरही तिला बाळ हलल्यासारखं वाटतं. गर्भजलात ते तरंगतं, म्हणून. तिला वेडी ठरवू नका, पुन्हा एकदा पडद्यावर दाखवायला सांगा.

मग घरच्यांचा पहिला प्रश्न येतो: "आता सिझर करून लगेच काढा ना, तिला कळा कशाला सोसायला लावता?" माया त्यात असते, पण सिझरने तिच्या गर्भपिशवीवर कायमचा व्रण राहतो. रक्त जास्त जातं, बरं व्हायला वेळ लागतो आणि पुढच्या बाळंतपणाची जोखीम वाढते. म्हणून वार खाली असणं, आधीची सिझरं, जोरात रक्तस्राव अशी कारणं नसतील तर डॉक्टर कळा आणूनच मोकळं करतात. बहुधा आधी मिफेप्रिस्टोनची गोळी देतात आणि २४ ते ४८ तासांनी कळांची औषधं. या बाळंतपणात बाळाला औषध बाधण्याची भीती नसते, त्यामुळे तिला दुखणं कमी करणारी औषधं मोकळेपणाने देता येतात. ती मागा. मागितल्याशिवाय कधी कधी मिळत नाहीत.

त्याच तासाला सगळं उरकलंच पाहिजे असं नसतं. तिला ताप नाही, रक्तस्राव नाही, बीपी ठीक आहे, पाणी गेलेलं नाही, तर एखादा दिवस घरी जाऊन येणं चालतं का हे विचारा. मात्र आठवडे काढू नका. तीन-चार आठवडे लोटले तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडण्याचा धोका असतो.

खोली वेगळी मागा. निदान शेजारच्या खाटेवर रडणारं बाळ नसेल असा कोपरा. दाराला खूण किंवा केसपेपरवर ठळक नोंद करायला सांगा, म्हणजे सकाळच्या पाळीची मावशी "काय झालं, पेढे कुठेत?" म्हणत आत येणार नाही.

बाळाबरोबरचे तास

घरातली मोठी माणसं बहुधा म्हणतात, "तिला दाखवू नका, मनातून जाणार नाही." असं ठरवायचा हक्क फक्त तिचा आहे. आधी नर्सबाईंनी किंवा तुम्ही बाळ पाहून घ्या आणि तिला खरं सांगा: कातडी काही ठिकाणी सुटलेली असेल, ओठ गडद दिसतील, डोकं मऊ लागेल, अंग गार असेल. मग विचारा, पाहायचं का? आत्ता नको म्हणाली तर दोन तासांनी पुन्हा विचारा. बळजबरी दोन्हीकडून नको. बाळ गुंडाळून गार जागी ठेवलं तर घाई करावी लागत नाही. मुलगा की मुलगी हे जन्माआधी सांगायला कायद्याने बंदी आहे, जन्मानंतर नाही. तिला जाणून घ्यायचं असेल तर सांगा, आणि नाव ठेवायचं असेल तर ठेवू द्या.

पावलांचे ठसे घेऊन ठेवा. तिने मागितले नाहीत तरी घ्या, पाकिटात बंद करा आणि कपाटात ठेवा. सहा महिन्यांनी मागितले तर द्यायला असतील. ते घेण्यासाठी दवाखान्याच्या कचेरीतलं शिक्क्याचं पॅड आणि जाड कोरा कागद पुरतो, लग्नपत्रिकेची मागची बाजूही चालते. पाऊल ओल्या कापसाने नुसतं टिपायचं, चोळायचं नाही, नाहीतर कातडी सुटते. पॅड खालून पावलाला लावायचं. कागद पाठीमागे वहीचा आधार देऊन उभा धरायचा आणि टाचेकडून बोटांकडे हलकेच टेकवायचा. पहिला ठसा बहुधा शाई जास्त होऊन फिसकटतो, दुसरा-तिसरा चांगला येतो. पाच-सहा घ्या. त्याबरोबर मनगटाची पट्टी, टोपडं, वजनाची चिठ्ठी आणि थोडं जावळ. फोटो काढायचे ते हाताचे, पावलाचे, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे काढा. घरच्या ग्रुपवर टाकू नका.

वार फेकू देऊ नका

कारण कळण्याची सर्वांत मोठी शक्यता वारेत असते, आणि नेमकी तीच पहिल्या पाच मिनिटांत बादलीत जाते. कळा सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा: वार फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) ठेवून पॅथॉलॉजीला पाठवायची आहे. बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी करायची असेल तर नमुना फॉर्मेलिनमध्ये चालत नाही, म्हणून ते आधी ठरवा. बाळाचं शवविच्छेदनही कारण शोधण्यासाठी असतं. त्याला होकार द्यायचा की नाही, हे आई-बापांनी ठरवायचं. तिच्या रक्ताच्या तपासण्यांत साखर, थायरॉइड, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी) आणि रक्त गोठण्याशी संबंधित अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी येतात. ही शेवटची तपासणी एकदा जास्त आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून मगच पक्की धरतात. सगळं करूनही अनेकदा कारण सापडत नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर "तू जड उचललंस", "ग्रहणात बाहेर गेलीस" असली कारणं घर स्वतःच शोधतं. ती खरी नाहीत.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत. बाळ गेलं म्हणून त्याची गरज जात नाही. पुढच्या बाळासाठी ते लागतं आणि गडबडीत नेमकं हेच राहतं. फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवा.

कागद आणि माती

बाळाने जन्मल्यावर एक जरी श्वास घेतला असेल, तर जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात, आणि जन्मदाखल्यात नाव घालता येतं. २८ आठवड्यांनंतर पोटातच गेलेलं असेल तर मृतजन्माची वेगळी नोंद होते. मुदत २१ दिवस. दवाखान्यात झालं असेल तर माहिती दवाखाना पाठवतो, पण पाठवली का ते विचारा. नोंद जिथे घटना घडली तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. पंचवटीतल्या दवाखान्यात झालं आणि घर सिडकोत असलं, तरी महापालिकेच्या पंचवटी विभागाकडे. गावात ग्रामपंचायतीत.

ताब्यात दिल्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. स्मशानात ती मागतात, आणि वाटेत कुणी हटकलं तर हातात कागद लागतो. गावाकडे न्यायचं असेल तर गाडीसाठी निवासी वैद्यकीय अधिकारी किंवा समाजसेवा अधीक्षक यांना भेटा, गेटवरच्या माणसाच्या नकारावर परत फिरू नका.

एवढ्या लहान बाळाला हिंदू घरांतही बहुधा पुरतात. खड्डा कमरेइतका खोल हवा, वर दगड आणि बाभळीच्या काट्या, नाहीतर कुत्री उकरतात. जागेची खूण नीट लक्षात ठेवा, पुढे ती विचारेल. सुतक पाळायचं की नाही, किती, हे घराघरांत वेगळं असतं. ते तुमच्या रीतीने करा, पण नेण्याआधी बाळ एकदा तिच्याजवळ आणा.

तिचं बाळंतपण

दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं. पाचव्या महिन्यात बाळ गेलं असलं तरी येऊ शकतं. हे तिला आधी सांगितलेलं नसतं, आणि मध्यरात्री पोलकं ओलं झाल्यावर जे तिच्या मनाचं होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. दूध येऊ नये म्हणून कॅबरगोलीन १ मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, एकदाच, पहिल्या २४ तासांत देता येतात. पण बीपीचा त्रास असेल किंवा पूर्वी गंभीर मानसिक आजार झाला असेल तर हे औषध देत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. गोळी नको असेल तर घट्ट बसणारी पण न काचणारी ब्रा रात्रंदिवस घालावी आणि गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. फारच ठणकलं तर आराम पडेल इतकंच दूध पिळावं, पूर्ण नाही. पूर्ण पिळलं की पुन्हा तितकंच येतं. छाती फडक्याने करकचून बांधू नये, त्याने गाठी होतात. गरम शेकही नको. आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. एक जागा लाल, गरम होऊन ताप आला तर दवाखाना. अळिवाची खीर आणि शतावरी दूध वाढावं म्हणून देतात, त्या आता नकोत. बाकी डिंकाचा लाडू, तूप, भाकरी, भाजी, वरण, सगळं बाळंतिणीचं खाणं द्या. लोहाच्या गोळ्याही चालू ठेवा.

अंगावरून पाच-सहा आठवडे जाऊ शकतं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, लिंबाएवढ्या गाठी, घाण वास, ताप, एका पोटरीत दुखणं-सूज किंवा धाप लागणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. बीपी असलेल्या बाईला झटके बाळंतपणानंतरही येतात, म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तरी बीपी मोजलंच पाहिजे, आणि पुढेही सहा आठवडे लक्ष हवं. आशाताईंच्या घरभेटी बाळासाठी ठरलेल्या असतात. बाळ नाही म्हणून त्या थांबू शकतात. तुम्हीच फोन करून बोलवा. त्याच फोनवर सांगा की लसीकरणाच्या यादीत बाळाची नोंद दुरुस्त करा. नाहीतर दीड महिन्याने "बाळाला डोस द्यायला आणा" असा निरोप तिच्याच फोनवर येतो. अंगणवाडी, ओटभरणीचा फोटोवाला, मोबाईलमधलं गरोदरपणाचं ॲप, सगळीकडे हेच करा.

रजा

मातृत्व लाभाच्या कायद्यात मृत जन्मलेलं बाळही बाळच धरलं आहे. त्यामुळे २६ आठवड्यांनंतर बाळ गेलं तर ती प्रसूती ठरते आणि पूर्ण रजा मिळते: हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे, दोन किंवा जास्त असतील तर १२. त्याआधी गेलं तर तो गर्भपात धरतात आणि पगारी रजा ६ आठवडे. त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत. अट अशी की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी असली तरी हे लागू आहे. ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जात असेल तर पैसे तिथून मिळतात. "बाळ नाही, मग कसली रजा?" असं कुणी म्हणालं तर अर्ज लेखी द्या, दवाखान्याचा दाखला जोडा आणि पोच घ्या. गरोदर बाईला पैशांची मदत देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतही बाळ गेल्यावर पुढच्या खेपेला नव्याने नाव घालता येतं.

घरी आल्यावर

पाळणा, दुपटी, बाळंतविडा ती यायच्या आत आवरून टाकू नका. तिला विचारून, तिच्या समोर किंवा तिच्या हाताने. भेटायला येणाऱ्यांना दारातच कुणीतरी दोन गोष्टी सांगाव्यात: "दुसरं होईल" म्हणू नका, आणि कारण विचारू नका. बोलायचंच असेल तर बाळाबद्दल बोला, कुणासारखं दिसत होतं ते विचारा. काही सुचत नसेल तर डबा ठेवून जा. पांढऱ्या पायाची वगैरे बोलणाऱ्या माणसाला, तो कितीही मोठा असला तरी, पहिल्या वाक्याला थांबवायचं काम नवऱ्याचं आहे. नवराही बाप होता, त्यालाही कुणीतरी विचारा. मातीला तोच गेला, कागदही त्यानेच केले, आणि आठव्या दिवशी तो कामावर असतो.

रडणं, झोप न लागणं, बाळ रडल्याचा भास होणं पहिल्या काही आठवड्यांत होतं. दोन आठवड्यांनंतरही खाणं-अंघोळ सुटलेली असेल, दिवस दिवस ती उठत नसेल, स्वतःला दोष देत राहत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत असतो आणि मराठीत बोलतात. जीव द्यायची भाषा आली तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका आणि थेट दवाखान्यात न्या. ठरलेली तारीख, पहिली संक्रांत, वर्षाचा दिवस हे दिवस जड जातात. कॅलेंडरवर खूण करून त्या दिवशी घरी राहा.

पुन्हा दिवस राहण्याआधी

दूध पाजत नसल्यामुळे महिन्याभरातही दिवस राहू शकतात, म्हणून गर्भनिरोधाचं पहिल्या तपासणीतच विचारा. किती थांबायचं हे कारणावर आणि सिझर झालं का यावर ठरतं. सिझर असेल तर साधारण दीड ते दोन वर्षं. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम निदान महिनाभर आधी सुरू करा. साखरेचा आजार असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर ५ मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. मागच्या वेळी बीपी होतं तर ॲस्पिरिनची लहान मात्रा १२ ते १६ आठवड्यांत सुरू करतात. पाचव्या महिन्यात नाव घालायला गेलात तर ती वेळ गेलेली असते.

पहिल्या सोनोग्राफीला जाताना ती जुनी फाइल बरोबर घ्या, आणि ती टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा: आधी ठोका दाखवा, मग मापं घ्या.